सोनटक्का: फूल नसताना ओळखायचा, वर्षभर जपायचा

गेल्या श्रावणात शेजारच्या घरातली नवी सून पानांची जुडी घेऊन दारात उभी राहिली. "काकी, पातोळ्या केल्या, पण हळदीचा वासच लागला नाही हो." पानं हातात घेतली आणि काय झालंय ते लगेच कळलं. आमच्या इमारतीमागे कुंपणालगत, गच्चीचं पाणी जिथून वाहून जातं तिथे, छातीएवढा हिरवा ताटवा उभा होता. तिला ती हळद वाटली, आणि तिने शेंडे धरून पानं कापली. अपाय काहीच झाला नाही, पातोळ्याही खाल्ल्या गेल्या. पण तो सोनटक्का होता. त्याच्या प्रत्येक दांड्याला टोकावर एकदाच तुरा येतो. शेंडा गेला की त्या दांड्याचं फूल गेलं.

तिला दोष देण्यासारखं काही नाही. सोनटक्का फुलावर असताना ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही, संध्याकाळी वासच हाक मारतो. पण ही फुलं वर्षातले अडीच-तीन महिने. उरलेले नऊ महिने तो कधी हळदीसारखा, कधी वेलचीसारखा, तर एप्रिलमध्ये वाळक्या कचऱ्यासारखा दिसतो. गोव्यातल्या परसातून जे सोनटक्के नाहीसे झाले, त्यांतले बहुतेक याच नऊ महिन्यांत गेले. कुणी तण म्हणून उपटले, कुणी मेलं समजून पाणी तोडलं, कुणी अंगणात फरशी घालताना कंदांसकट मातीत गाडले. म्हणून आधी बिनफुलांच्या झाडाची ओळख, मग बाकीचं.

पानांवरून ओळख

सोनटक्का आल्याच्या कुळातला. जमिनीत आडवा वाढणारा जाड कंद, त्यातून सरळ वर येणारे उसासारखे दांडे, उंची १ ते २ मीटर. हा दांडा खरं खोड नव्हे, पानांच्या आवरणांची एकात एक बसलेली गुंडाळी आहे. केळीचं तसंच.

हळदीशी गल्लत होते म्हणून तिथूनच सुरुवात करा. हळदीच्या पानाला लांब देठ असतो आणि सगळी पानं जमिनीजवळून जुडीने निघतात. सोनटक्क्याच्या पानाला देठ जवळजवळ नसतोच. पानं दांड्यावर एक डावीकडे, एक उजवीकडे अशी दोन रांगांत चढत जातात. समोरून पाहिलं तर पिसासारखी चपटी मांडणी दिसते. पान लांबट, साधारण हातभर, टोकाला निमुळतं होत गेलेलं. हळदीचं पान चुरगळलं तर वास बोटांना चिकटून राहतो, सोनटक्क्याच्या पानाला आल्याची अगदी पुसट आठवण तेवढी असते.

खात्रीच्या खुणा दोन. पान उलटं करून बोट फिरवा, खालून मऊ, बारीक लव लागते. मग पान दांड्याला जिथे मिळतं तिथे पाहा. तिथे कांद्याच्या सालीसारखी पातळ जीभ उभी असते, २ ते ३ सेंटिमीटर लांब. हळदीत ही जीभ इतकी लहान की दिसतच नाही. या दोन खुणा एकत्र सापडल्या तर मी पुढे शंका घेत नाही.

आल्याची पानं फार अरुंद आणि झाड गुडघ्या-कमरेएवढंच, त्यामुळे तिथे फसायला होत नाही. कुळागरातली, म्हणजे आमच्याकडच्या माड-पोफळीच्या बागेतली, वेलची मात्र लांबून हुबेहूब दिसते. तिचं पान चुरगळा, वासच सांगेल, शिवाय तिची फुलं दांड्याच्या टोकावर न येता बुडाशी जमिनीलगत येतात. कुळिंजन सगळ्यात अवघड. उंचीही तेवढीच, पानांची मांडणीही तशीच. पण त्याचं पान खालून गुळगुळीत, जीभ आखूड आणि कंद तांबूस, झणझणीत वासाचा.

पेव वेगळा काढून सांगते, कारण पावसाळ्यात घाटाच्या रस्त्याने जाताना पांढरी मोठी फुलं पाहून लोक गाडी थांबवतात आणि कंद खणून आणतात. पेवाची पानं दांड्याभोवती गोल जिन्यासारखी फिरत चढतात, फुलाखालची पात्रं लाल असतात आणि फूल चुरगळलेल्या तलम कागदासारखं दिसतं. सुंदर आहे, पण सुगंध नाही. त्याला रानातच राहू द्यावं.

नावांचा गोंधळ

रोपवाटिकेत गेलात तर हेच झाड तीन नावांनी समोर येईल: सोनटक्का, गुलबकावली आणि बटरफ्लाय जिंजर. तिन्ही एकच. निशिगंध किंवा गुलछडी म्हणून कुणी देऊ लागला तर घेऊ नका, ते कांद्यातून येणारं, गवतासारख्या पानांचं अगदी वेगळं झाड. पांढरी स्पायडर लिलीही सुवासिक असते, पण तिची पानं पट्ट्यांसारखी आणि तळाशी कांदा.

गुलबकावली या नावापाठोपाठ फुलांचा अर्क डोळ्यांत घालायची गोष्ट येतेच. घरी काढलेला कुठलाही अर्क डोळ्यांत घालू नका. फूल वासासाठी आहे, तेवढं पुरे.

शास्त्रीय नाव हेडिकियम कोरोनेरियम. १७८३ साली योहान गेरहार्ड कोनिग यांनी ते नोंदवलं; ग्रीकमध्ये हेडिसचा अर्थ गोड आणि किऑनचा अर्थ बर्फ. मूळचं पूर्व हिमालय आणि त्याच्या पुढच्या आग्नेय आशियाच्या पट्ट्यातलं. तिथून ते इतकं दूर गेलं की आज क्यूबाचं राष्ट्रीय फूल आहे. मला सगळ्यात उपयोगी वाटतं ते ब्राझिलमधलं पोर्तुगीज नाव, लिरिओ दो ब्रेजो, म्हणजे दलदलीतली लिली. या झाडाला काय हवं ते त्या एका नावात आलं.

फूल जवळून

दांड्याच्या टोकावर आधी हिरवं कणीस दिसतं. खवल्यांसारखी हिरवी पात्रं एकावर एक बसलेली, वीतभर लांब. प्रत्येक खवल्याआड दोन ते सहा कळ्या असतात आणि त्या एकामागून एक बाहेर पडतात. म्हणून एक फूल दिवस-दीड दिवसात मलूल झालं तरी तुरा दोन-तीन आठवडे फुलत राहतो.

उमललेलं फूल हातात घेऊन नीट पाहा. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो, त्या तीन रुंद पांढऱ्या भागांपैकी एकही पाकळी नाही. ते पुंकेसरांचं बदललेलं रूप आहे. खऱ्या पाकळ्या म्हणजे मागे लोंबणाऱ्या तीन अरुंद फिती. पुढचा मोठा ओठ मधोमध चिरलेला, हृदयाच्या आकाराचा, बुडाशी किंचित पिवळट-हिरवी झाक. कामाचा पुंकेसर एकच, आणि त्याच्या खोबणीतून सुईत दोरा ओवावा तसा स्त्रीकेसराचा धागा जातो. खाली सात-आठ सेंटिमीटरची बारीक नळी, तळाशी मध. एवढ्या खोल पोचायला लांब सोंडेचा पतंग लागतो आणि तो येतो अंधार पडताना. फूल उशिरा दुपारी उमलायला लागतं आणि वास रात्री दाटतो तो यासाठीच.

फुलात मलईसारखा पिवळा रंग दिसला तर तो पिवळा सोनटक्का, जवळचा नातलग. निगा दोघांची सारखीच.

कंद कधी आणि कसा आणायचा

बियांच्या नादी लागू नका. कंदापासून लावलेला सोनटक्का चांगला तुकडा असेल तर त्याच वर्षी फुलतो, नाहीतर दुसऱ्या वर्षी नक्की.

गोव्यात याची वेळ ठरलेली: रोहिणी लागल्यापासून मृगाचा पहिला आठवडा, म्हणजे मेचा शेवट ते जूनची सुरुवात. कंदावर गुलाबी-पांढरे कोंब टचटचीत झालेले असतात आणि पाऊस दारात असतो. जूनच्या शेवटी लावलेला कंदही जगतो, पण त्याची मुळं धरायच्या आतच जुलैची झोड सुरू होते.

कुणाच्या परसातून कंद काढणार असाल तर ताटव्याच्या मधोमध घाव घालू नका. कडेचा भाग तरुण असतो, मधला जुना. कडेपासून वीतभर लांब पिकास मारा, माती सैल करा, गड्डा हाताने उचला. मग धारदार सुरीने असा तुकडा कापा की ज्यावर दोन-तीन फुगलेले डोळे आहेत आणि लांबी १० ते १५ सेंटिमीटर आहे. हिशेबाने लहान तुकडे करून संख्या वाढवायचा मोह होतो. एका डोळ्याचा तुकडा जगतो, पण फुलायला एक वर्ष जास्त घेतो.

कापलेल्या बाजूला राख चोळा आणि तुकडे सावलीत एक दिवस ठेवा. जखम कोरडी झाली की लावा. मऊ पडलेला, आंबूस वासाचा किंवा आतून तपकिरी भाग असेल तर निरोगी पांढरा-पिवळसर गर लागेपर्यंत कापून टाका.

जागा

जुन्या घरांत सोनटक्का न्हाणीच्या मागे असायचा, केळी, अळू आणि कर्दळीच्या शेजारी. ती जागा कुणी विचार करून निवडली असेल वा नसेल, पण अचूक होती. ओल बारमाही, पाणी साचून न राहता वाहणारं आणि भिंतीच्या आडोशाने दुपारचं ऊन तुटलेलं. फोंडा, सत्तरीकडच्या कुळागरांत तो पाटाच्या कडेला दिसतो तेही त्याच कारणाने.

आता उन्हाबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त चूक होते. आल्याचं कूळ म्हणजे सावलीतलं झाड, असं धरून लोक त्याला दाट आंब्याखाली लावतात. तिथे तो जगतो, पानं हिरवीगार राहतात, पण फुलत नाही. त्याला सकाळचं चार-पाच तासांचं ऊन हवं आणि दुपारी बारानंतर सावली. माडांखालची हलती सावलीही चालते. दिवसभर रखरखीत ऊन असेल तर पानांच्या कडा करपतात, तरी फुलं येतात. म्हणजे दोन चुकांपैकी एक करायचीच असेल तर उन्हाकडे झुका.

पर्वरीला राहायला आल्यावर मी स्वतः पहिला कंद उत्तरेच्या गॅलरीत ठेवला होता. दोन वर्षं नुसती पानं. तीच कुंडी पूर्वेला हलवली त्या वर्षी सप्टेंबरात तुरे आले.

समुद्राजवळ राहत असाल तर खारं वारं थेट लागणार नाही असा आडोसा शोधा. पानांची टोकं तपकिरी होऊन वाळत असतील तर वारा किंवा विहिरीचं मचूळ पाणी यांतलं एक कारण असतं.

लावणी: खड्डा नको, वाफा हवा

आपल्याकडची जमीन जांभ्याची. माती निसर्गतः आंबट, ती सोनटक्क्याला मानवते, त्यामुळे चुना-बिना घालायची गरज नाही. अडचण आहे ती निचऱ्याची. जांभ्यात किंवा त्याखालच्या घट्ट चिकणीत खड्डा खणून त्यात मऊ माती आणि शेणखत भरलं की आपण नकळत एक टाकी बांधलेली असते. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात ती टाकी जूनमध्येच भरते आणि ऑगस्टपर्यंत रिकामी होत नाही. असे चार कंद माझे एका पावसात कुजले. वाढत्या हंगामात सोनटक्क्याला ओल कितीही द्या, अगदी वाहत्या पाण्याच्या काठावर पाय बुडवूनही तो उभा राहतो. पण ताज्या कापलेल्या, मुळं न धरलेल्या कंदाभोवती कोंडलेलं पाणी त्याला सोसत नाही.

म्हणून असं करा. जमीन वीतभर खणून भुसभुशीत करा, दगड काढा. त्यावर जमिनीपासून २० सेंटिमीटर उंच वाफा रचा. त्यासाठी दोन भाग बागेची माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि एक भाग कुजलेला पालापाचोळा; माती फार चिकट असेल तर थोडी नदीची जाड रेती. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. वाफ्याच्या एका अंगाने पाणी निघून जाईल अशी चर ठेवा.

कंद आडवा ठेवा, डोळे वर. जास्त खोल नको: वर ३ ते ५ सेंटिमीटर माती पुरे. आल्या-हळदीची सवय असलेले हात तो खोल गाडतात, आणि मग कोंब वर यायच्या आत सडतो. कंदाची पाठ पुढे पावसाने थोडी उघडी पडली तरी घाबरू नका, तो त्याचा स्वभाव आहे. दोन तुकड्यांत दीड ते दोन फूट अंतर राहू द्या. पहिल्या वर्षी वाफा ओकाबोका दिसेल, तिसऱ्या वर्षी त्यातून हात घालायला जागा राहणार नाही.

वरून नारळाची सोडणं किंवा चुडतांचे तुकडे अंथरा. पहिल्या मुसळधार सरीत माती उडून जात नाही, आणि पुढे ऑक्टोबरात ओल टिकते. पाऊस लागेपर्यंत एक दिवसाआड हलकं पाणी.

पाऊस चालू असताना

जून-जुलैत पाणी घालायचं काम नाही, पण खताचं आहे. आपला पाऊस मातीतलं अन्न धुऊन नेतो, त्यामुळे सगळं खत एकदम लावणीच्या वेळी घालून उपयोग होत नाही. थोडं थोडं, तीन-चार वेळा द्या. मी दर चौरस मीटरला लावणीच्या वेळी एक घमेलं शेणखत घालते. मग जुलैच्या मध्यावर आणि पुन्हा ऑगस्टच्या शेवटी दोन-तीन ओंजळी कंपोस्ट आणि एक मूठ निंबोळी पेंड, पाऊस थोडा उघडला की दांड्यांपासून जरा लांब पसरून. ऑगस्टच्या वेळी त्यात मूठभर चुलीची राख मिसळते, ती फुलांसाठी. युरिया कुणी सुचवला तर नाही म्हणा. दांडे झपाट्याने उंच आणि पोकळ होतात आणि पहिल्या वादळी पावसात आडवे पडतात.

आडवे पडणं तसंही होतंच. जुलैच्या मध्यावर बुडाशी माती चढवा आणि ताटव्याच्या चारी बाजूंना बांबूचे खुंट ठोकून कमरेच्या उंचीवर सुंभ फिरवा. एकेक दांडा बांधत बसू नका, सगळे मिळून एकमेकांना धरतात.

शेंड्याला हात लावायचा नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. चवथीला माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या आराशीसाठी, रानातली फळं-फुलं गोळा करताना मुलं परसातून काहीही तोडतात. त्या दिवसांत सोनटक्क्याचं हिरवं कणीस नुकतंच डोकं वर काढत असतं.

फुलं येतात तेव्हा

ऑगस्टमध्ये पहिले तुरे, सप्टेंबर-ऑक्टोबर भर, पाणी असेल तर नोव्हेंबरपर्यंत. पाऊस ओसरला की आकाश मोकळं होतं आणि ऑक्टोबरचं ऊन अचानक तापतं. नेमकी हीच वेळ झाडाला जास्त पाणी लागायची, आणि नेमकी हीच वेळ आपण पाणी घालायचं विसरतो, कारण चार महिने ते काम पावसाने केलेलं असतं. पंधरा दिवस पाऊस नसेल तर तुऱ्यातल्या खालच्या कळ्या उमलतात आणि वरच्या तशाच सुकतात. दसऱ्यापासून एक दिवसाआड भरपूर पाणी, वाफा आतपर्यंत भिजेल असं.

फूल विकत मिळेल या भरवशावर राहू नका. म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळात जायांची पूजा होते, अबोलीच्या आणि सुरंगीच्या माळा आपल्या बाजारात दिसतात, पण सोनटक्का फुलवाल्याकडे क्वचितच. तो सकाळी तोडून दुपारपर्यंत टोपलीत टिकत नाही. केसांत माळायचा असेल तर ज्याच्या त्याच्या परसातूनच यावा लागतो.

तोडायची वेळ संध्याकाळी चार ते पाच. ज्या कळ्या पांढऱ्या, लांब आणि फुगीर झाल्यात पण अजून उघडल्या नाहीत, त्या नळी बुडापासून धरून अलगद वर ओढा. खवल्यातून सुटून येतात. कळ्या ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळा, दिवेलागणीला उघडतील. नळी लांब असल्याने दोऱ्याने बांधायला सोपी जाते, सुई लावायची गरज नाही. आमच्या घरी एकच फूल अंबाड्यात खोचायची पद्धत होती, आणि रात्री उशाशी पाण्याच्या वाटीत ठेवायची.

फुलदाणीसाठी अख्खा तुरा कापलात तर दोन-तीन दिवस मिळतात, आणि वरच्या सगळ्या कळ्या उमलतीलच असं नाही. मला विचाराल तर झाडावरच राहू द्यावा आणि आपली खुर्ची तिकडे न्यावी.

फुलं संपल्यावर

तुरा पूर्ण संपला की तो दांडा पुन्हा कधीही फुलत नाही. पण लगेच कापू नका. त्याची हिरवी पानं अजून कंदात अन्न भरत असतात. पानं पिवळी पडायला लागली, साधारण डिसेंबर-जानेवारीत, की कोयत्याने जमिनीलगत कापा. खुंट ठेवू नका, पाणी शिरून कुजतो. न फुललेले हिरवे दांडे तसेच ठेवा. जुने दांडे वर्षानुवर्षं न काढणं हे ताटवा फुलायचा थांबण्याचं दुसरं मोठं कारण. आत हवा खेळत नाही, ऊन बुडापर्यंत पोचत नाही आणि नवे कोंब बारीक येतात.

काही तुऱ्यांवर नारिंगी बोंडं धरतात, उकलली की आत लाल बिया. दिसायला देखणी असतात. वाफ्यात जागा नसेल तर खुडून टाका.

फेब्रुवारी ते मे हा विसाव्याचा काळ. ओल मिळत राहिली तर आपल्या हवेत सोनटक्का पूर्ण झोपत नाही, पाच-सहा दांडे हिरवे राहतात. पाणी कमी पडलं तर सगळं वरचं वाळतं आणि वाफा रिकामा दिसतो. ते झाड मेलेलं नाही. बोटभर माती उकरा, कंद टणक लागला तर आठवड्यातून दोनदा पाणी देत राहा, एवढंच की तो सुरकुतणार नाही. आच्छादन जाड करा. आणि तिथे एक खूण रोवून ठेवा, म्हणजे मे महिन्यात परस साफ करायला आलेल्या माणसाचा फावडा तिथे पडणार नाही.

तीन-चार वर्षांनी ताटवा मधोमध ओसाड आणि कडेने दाट होतो. तेव्हा मेच्या शेवटी सगळा उचला, जुना मधला भाग काढा, नवी माती आणि शेणखत घाला, कडेचे तरुण तुकडे पुन्हा लावा.

कुंडीत

फ्लॅटमध्येही होतो, पण १० इंची कुंडीत नाही. किमान १६ इंची, आणि खोलीपेक्षा रुंदी जास्त असलेली, कारण कंद आडवा पसरतो. एका कुंडीत दोनच तुकडे. तळाशी भोकं मोकळी ठेवा आणि खपरीचे तुकडे घाला. पावसात कुंडीखाली ताटली नको. ऑक्टोबरपासून ताटली ठेवा आणि तिच्यात बोटभर पाणी राहू द्या. मार्च ते मे ताटलीतलं पाणी पुन्हा बंद. साचलेल्या पाण्यात डास होतात, म्हणून दर तीन-चार दिवसांनी ओतून ताजं भरा. कुंडीतला सोनटक्का दर दुसऱ्या वर्षी बाहेर काढून विभागावाच लागतो, नाहीतर कंद कुंडी फोडतात.

कीड आणि कूज

मधलं कोवळं पान वाळून ओढताक्षणी हातात आलं, आणि दांड्याला बारीक भोक दिसून त्यातून भुसा बाहेर पडला असेल, तर खोडकिडा आहे. हाच आलं, हळद आणि वेलचीलाही लागतो. तो दांडा बुडापासून कापा, उभा चिरा, आतली अळी मारा. परसातल्या एका ताटव्याला फवारणी लागत नाही, वेळेवर नजर पुरते.

पानाची कड दुमडून नळी केलेली दिसली तर आत हिरवी अळी असते, एका फुलपाखराची. दोन-चार पानं खाते. मी तिला खाऊ देते.

शंखी गोगलगायी मात्र कोवळे कोंब एका रात्रीत साफ करतात. जुलै-ऑगस्टमध्ये रात्री बॅटरी घेऊन हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. मीठ वाफ्यावर टाकू नका.

दांडा बुडाशी मऊ, पिवळा पडला आणि कंदाला घाण वास आला तर कंदकूज. औषधाआधी पाण्याची वाट मोकळी करा. सडलेला भाग उचलून लांब टाका, उरलेले निरोगी तुकडे नव्या उंच वाफ्यात लावा, आणि त्या जागी वर्षभर आलं-हळद किंवा सोनटक्का घेऊ नका, कारण तीच बुरशी तिघांनाही चालते.

जादा कंदांचं काय करायचं

ताटवा विभागताना घमेलंभर कंद उरतात. ते व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी किंवा शेताच्या बांधापलीकडे फेकू नका. ओलसर जागी सोनटक्का कुणाच्याही मदतीशिवाय पसरतो. ब्राझिल आणि हवाईत त्याने पाणथळ जागा व्यापून तिथल्या मूळ झाडांना हटवलं आहे. आपल्या व्हाळांच्या काठावर जे आधीपासून उगवतंय त्याची जागा त्याने घेऊ नये. नको असलेले कंद उन्हात पूर्ण वाळवून मगच कंपोस्टमध्ये टाका. ओले टाकलेत तर कंपोस्टच्या ढिगातून तो उगवेल, हे मी पाहिलेलं आहे.

बाकीचे वाटा. ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवले तर आठवडाभर ठीक राहतात, प्लास्टिकच्या पिशवीत दोन दिवसांत घामेजतात.

यंदा रोहिणीत शेजारच्या सुनेला दोन कुंड्या भरून दिल्या. एकीत सोनटक्का, दुसरीत हळदीचे चार गड्डे, दोन्हींवर पांढऱ्या रंगाने नावं लिहून. श्रावणात तिने पातोळ्यांची ताटली आणून दिली. झाकण उघडल्यावर हळदीचा वास आला. सोनटक्क्याच्या दांड्याला तेव्हा सात पानं होती, शेंडा शाबूत.